श्वानाच्या गुडघ्याची शुश्रूषा

श्वानाच्या मांडीचे व नडगीचे हाड गुडघ्यात परस्परांशी बांधून ठेवणारा अस्थिबंध बहुधा एकाच उडीने नव्हे, तर कित्येक महिने झिजत जाऊन तुटतो. आणि त्यावरील शस्त्रक्रियेनंतरचे 8 ते 12 आठवडे, लंगडणे कमी होऊन ते मुके जनावर धावू पाहत असले तरीही, त्यास मोकळे न सोडता, आखूड पट्ट्याने धरून, प्रारंभी जेमतेम 5 मिनिटे संथपणे चालविणे, हीच त्याची खरी शुश्रूषा होय. गुळगुळीत लादीवर न सरकणारे जाजम अंथरावे, जिन्यास सक्त मनाई असावी, वजन वाढू देऊ नये. कारण दुसऱ्या पायाचा अस्थिबंधही पुष्कळदा त्याच मार्गाने जातो. एक कळकळीची ताकीद: आपल्या घरातील आयबुप्रोफेनची गोळी त्यास कदापि देऊ नये, तिने जठरास व्रण पडतात आणि मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.