काचपट्टीवरील रंग



पुण्यांतील एखाद्या रुग्णाच्या संशयित गाठीचा तुकडा शस्त्रवैद्यानें काढला, म्हणजे तो फॉर्मॅलिनमध्यें भिजवून, पॅराफिन मेणांत बसवून त्याचे अत्यंत पातळ काप घेतात. कापाची जाडी मिलिमीटरच्या तीन-चार सहस्रांशांइतकी. असा काप सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवला तर काय दिसतें? जवळजवळ कांहींच नाहीं. पेशी पारदर्शक असतात. निदान करावयाचें तें रंग चढविल्यावरच.

हा रंग दुहेरी असतो. पहिला हिमॅटॉक्सिलिन. मेक्सिकोंतील एका झाडाच्या गाभ्यापासून तो निघतो आणि तुरटीच्या साह्यानें पेशीच्या केंद्रकावर निळा-जांभळा चढतो. आमच्या रंगाऱ्यांनाहि कापडावर रंग पक्का बसविण्यास तुरटीच लागते, हें ऐकून प्रयोगशाळेची भीति थोडी कमी व्हावी. दुसरा इओसिन, तो केंद्रकाभोंवतालचा भाग गुलाबी करितो. १८७६ पासून ही जोडी चालत आली आहे. केंद्रकें मोठीं, वेडींवांकडीं व गडद दिसलीं कीं विकृतितज्ज्ञ सावध होतो.

मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. तेथील प्रयोगशाळांचे पहिले संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या पिढीला डोळा हेंच प्रमाण होतें. आणि कुशल डोळ्याचा गुण असा कीं तो रंगांतील फरक माफ करितो. संगणकाला ही क्षमाशीलता नाहीं. त्याच्यापुढें चित्र म्हणजे तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशाचे आंकडे. मीं एकदां एकाच गाठीचे दोन काप दोन प्रयोगशाळांत रंगवून घेतले. एक गर्द जांभळा आला, दुसरा फिकट गुलाबी. मला निदानांत अडचण पडली नाहीं. यंत्राच्या मोजणींत मात्र फिकट कापांतील कित्येक केंद्रकें आलींच नाहींत. कापाची जाडी, रंगाचें वय, बुडवून ठेवण्याचीं मिनिटें, धुण्याच्या पाण्यांतील क्षार, इतक्याशा गोष्टींनीं छटा पालटते.

याहून गंभीर गोष्ट २०२१ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखविली. तुकडा कोणत्या रुग्णालयांतून आला, हें यंत्र चित्रावरूनच ओळखूं शकतें, आणि रंगाची दुरुस्ती केल्यावरहि ओळखतें. एखाद्या रुग्णालयांत गंभीर रुग्ण अधिक येत असतील, तर त्याची छटा हीच रोगाची खूण अशी यंत्राची समजूत व्हावयाची!

या दुरुस्तीची एक चांगली रीत २०१६ सालीं वहादने, सेठी प्रभृति संशोधकांनीं प्रसिद्ध केली. प्रकाश किती शोषला गेला यावरून प्रत्येक बिंदूवर हिमॅटॉक्सिलिन किती व इओसिन किती, हें वेगवेगळें काढावयाचें. मग तें प्रमाण कायम ठेवून दोहोंची छटा तेवढी नमुन्याच्या काचपट्टीसारखी करावयाची. पेशींची ठेवण ढळत नाहीं. पुढें २०१७ सालीं नीरज कुमार, सेठी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ३० चित्रांतील २१,००० हून अधिक केंद्रकांच्या कडा हातानें आंखून यंत्राच्या शिक्षणासाठीं सर्वांना खुल्या केल्या. त्या चिकाटीचें मला फार कौतुक वाटतें.

तथापि जें काचेवर उरलेंच नाहीं तें गणितानें परत येत नाहीं. तुकड्याला फॉर्मॅलिन उशिरा मिळालें तर त्याच्या पेशी आंतून कुजूं लागतात. तेथें छटा बदलून उपयोग नाहीं. मग नवा तुकडा मागवावा लागतो, आणि रुग्णाला पुन्हां शस्त्रक्रियेच्या टेबलावर निजावें लागतें.