घास अडकला तर



जेवता जेवता घास अडकला की आपल्या घरांतून क्षणाचाही विचार न करता जो उपचार केला जातो, तो सर्वांच्या परिचयाचा आहे. शेजारी बसलेला माणूस पाण्याचा तांब्या पुढे करतो, मागून कोणी पाठीवर थाप मारतो, आणि एवढ्याने भागले नाही तर घरातील वडीलधारी बाई कोरड्या भाकरीचा तुकडा किंवा केळे गिळावयास सांगते. उद्देश हा, की मागच्या घासाने पुढच्याला ढकलून न्यावे. हा उपचार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि धडधाकट माणसाच्या बाबतीत तो बहुधा निभावूनही जातो. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्यामध्ये अशी काही माणसे वावरू लागली आहेत, की ज्यांना या उपचाराने आराम पडण्याऐवजी त्यांची यातना द्विगुणित व्हावी. वजन उतरविण्यासाठी जठराभोवती पट्टा, म्हणजे ज्याला गॅस्ट्रिक बँड म्हणतात तो, बसवून घेतलेली ही माणसे होत. त्यांच्याविषयी, आणि त्यांच्या पंक्तीला बसणाऱ्या आपणा सर्वांविषयी, आज काही बोलावयाचे योजिले आहे.

आमच्या धर्माबादेत ही शस्त्रक्रिया होत नाही. मिरचीच्या पेठेसाठी ओळखले जाणारे हे तालुक्याचे गाव तेलंगणाच्या सीमेला लागून, नांदेड आणि निजामाबाद यांच्या दरम्यान लोहमार्गावर वसले आहे. त्यामुळे दुखणे मोठे निघाले की येथला माणूस नांदेड गाठतो आणि त्याहूनही मोठे असले तर हैदराबादची गाडी धरतो. तेथे दुर्बिणीतून ऑपरेशन होते, थोडक्या दिवसांत सुटी मिळते, आणि निघताना हाती आहाराचा एक इंग्रजी कागद पडतो, ज्यात ब्रेड, पास्ता आणि स्टेक यांविषयी सविस्तर ताकीद असते, पण भाकरी, पोळी, अंबाडीची भाजी आणि बगाऱ्याचा भात यांचा नामनिर्देशही नसतो. शस्त्रक्रिया शहरात होते खरी, परंतु पुढील सारी वर्षे त्या रोग्याला आपल्याच चुलीपाशी काढावयाची असतात, आणि तेथे त्याला मार्ग दाखवावयास तो कागद अपुरा पडतो. २०११ साली नितीन गडकरी यांनी, ते भारतीय जनता पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, मुंबईत वजन घटविण्याची शस्त्रक्रिया करवून घेतली आणि या विषयाची वर्तमानपत्रांतून बरीच चर्चा झाली. मात्र ती चर्चा किती किलो उतरले एवढ्यापुरतीच राहिली. ऑपरेशननंतर जेवावयाचे कसे, हा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही.

प्रथम हा पट्टा आहे तरी काय, ते पाहू. जठराच्या अगदी वरच्या टोकाशी, अन्ननलिका जेथे संपते त्याच्या किंचित खाली, सिलिकॉनचे एक कडे बसवितात. त्याच्या आतल्या अंगाला एक पोकळ फुगा असतो. त्या फुग्यापासून निघालेली बारीक नळी पोटाच्या कातडीखाली पुरलेल्या एका लहानशा डबीला जोडलेली असते, आणि त्या डबीत सुई घालून क्षारजल भरले की कडे आवळते, काढून घेतले की सैल पडते. अमेरिकेत स्थायिक झालेले शल्यविशारद लुबोमीर कुझमाक यांनी असा आवळता-सोडता येणारा पट्टा १९८६ साली प्रचारात आणला. १९९३ साली बेल्जममध्ये मितिकू बेलाशू यांनी तो दुर्बिणीच्या साहाय्याने बसवून दाखविला, आणि २००१ मध्ये अमेरिकेच्या सरकारने त्यास मान्यता दिल्यावर त्याचा प्रसार आणखी वाढला. अलीकडे ही चाल मागे पडली असून जठराचा मोठा भाग कापून त्याची नळी करण्याकडे शल्यविशारदांचा अधिक ओढा आहे. तथापि ज्यांच्या पोटात पट्टा एकदा बसला, त्यांच्या दृष्टीने हा विषय जुना झालेला नाही. कड्याच्या वर जठराचा जो भाग उरतो, त्यात दोन मोठे चमचे भरतील एवढेच अन्न मावते. ते सावकाश खाली उतरावे, थोडक्यात तृप्तीची भावना व्हावी आणि माणसाने पानावरून उठावे, एवढाच त्या पट्ट्याचा हेतू.

आता घास अडकतो म्हणजे काय होते? नीट न चावलेला तुकडा त्या अरुंद वाटेशी येऊन बसतो. छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या मागे, काहीतरी जड ठेवल्यासारखे वाटते. अन्ननलिका तो तुकडा पुढे रेटण्यासाठी आकुंचन पावू लागते, त्यामुळे कळा येतात. आणि लाळग्रंथींना जणू हुकूमच सुटल्याप्रमाणे तोंडात चिकट, फेसाळ लाळ दाटून येते. ही लाळ गिळावी तर तिलाही खाली वाट नसते. अखेरीस उमासे येऊन ती लाळ आणि तो तुकडा बाहेर पडतो. ही उलटी नेहमीसारखी आंबट नसते, कारण ते अन्न खालच्या जठरापर्यंत पोचलेलेच नसते.

आमच्या तालुक्यातील बाभळीचा बंधारा पुष्कळांनी पाहिला असेल. त्याचे दरवाजे बंद असताना वरच्या अंगास पाणी तुंबले, तर ते खाली जावे म्हणून वरून आणखी पाणी ओतावे असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. तसे केल्यास फुगवटा तेवढा वाढेल. पट्टा असलेल्या माणसाच्या हाती आपण पाण्याचा तांब्या देतो तेव्हा नेमके हेच घडते. पाणी अडकलेल्या घासावर साचते, वेदना वाढते, आणि दोन मिनिटांत सारेच वर येते. सोडा-लिंबू अथवा बाटलीतले फसफसणारे पेय तर मुळीच देऊ नये. कच्च्या पपईच्या रसाने मांस विरघळते म्हणून तो पाजावा, असाही सल्ला देणारे भेटतात. परंतु पपईतील ते द्रव्य कोंबडीचा तुकडा आणि अन्ननलिकेचे अस्तर यांत भेदभाव करीत नाही, आणि त्यापायी अन्ननलिकेला गंभीर इजा झाल्याचे दाखले वैद्यकाच्या दप्तरात आहेत.

मग करावे काय? पहिली गोष्ट, हातातला घास खाली ठेवावा आणि पानावरून उठावे. लाळ गिळू नये, रुमालात किंवा भांड्यात थुंकावी. कंबरेचे वस्त्र सैल करावे, ताठ उभे राहावे, अंगणात हळूहळू फेऱ्या घालाव्यात. आडवे पडू नये. घशात बोटे घालून उलटी काढू नये. ती आपण होऊन आली तर येऊ द्यावी. बहुतेक वेळा काही मिनिटांत, क्वचित तासा-दोन तासांत, घास वर तरी येतो किंवा खाली तरी उतरतो. आणि येथेच पुष्कळजणांची दुसरी चूक होते. मोकळे वाटताच ते पुन्हा पानावर येऊन बसतात. अडकलेल्या जागेचे अस्तर तोवर सुजलेले असते, वाट आधीपेक्षा अरुंद झालेली असते, आणि दुसरा घास पहिल्याहून लवकर अडकतो. म्हणून पुढचा एक दिवस पातळ पदार्थांवर काढावा. या बाबतीत आपली मराठवाड्याची चूल कोणत्याही इंग्रजी कागदाहून संपन्न आहे: पातळ ताक, ज्वारीची आंबील, गाळलेले वरणाचे पाणी, आणि दुसऱ्या दिवशी मऊ शिजविलेल्या कण्या. मिरची मात्र, धर्माबादची असली तरी, त्या दोन दिवसांत वर्ज्य.

कोणते अन्न अडकते याचा ज्याचा त्याचा अनुभव निराळा असतो. तरी मऊ, लोळागोळा होणारे पदार्थ बहुधा फसवितात. ताजा पाव, तव्यावरून उतरलेली लुसलुशीत पोळी, चिकट भात, हे तोंडात मऊ लागतात म्हणून माणूस ते चावीत नाही, आणि खाली जाऊन त्यांचा गोळा होतो. उलट कडक भाकरी चावल्यावाचून गिळताच येत नाही, म्हणून ती कित्येकांना बाधत नाही. कोंबडीचे कोरडे मांस, शेवग्याच्या शेंगेचा चोथा, पालेभाजीचे जून देठ, ओले खोबरे, संत्र्याच्या फोडीवरचे साल, यांपासून सावध राहावे. औषधाच्या मोठ्या गोळ्याही अडकतात. त्या मोडून घ्याव्यात की न घ्याव्यात हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, कारण मधुमेहाच्या काही गोळ्या सावकाश विरघळण्यासाठीच बनविलेल्या असतात आणि त्यांचा चुरा करणे इष्ट नाही. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून घेणे तर टाळावेच; त्यांनी जठराच्या अस्तराला इजा पोहोचते.

घास हरभऱ्याच्या दाण्याएवढा असावा, वीस-पंचवीस वेळा चावावा, तो उतरल्याची खात्री पटल्यावाचून दुसरा उचलू नये, आणि पाणी जेवणाबरोबर न घेता अर्ध्या तासाने घ्यावे, असे सांगितले जाते. चर्वणाचे महत्त्व जगाला पटविण्यात होरेस फ्लेचर नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने शंभरावर वर्षांपूर्वी आपले आयुष्य वेचले, आणि लोकांनी त्याची थट्टा केली. पट्टा बसविलेल्या माणसाला मात्र त्याचे शिष्यत्व पत्करल्यावाचून गत्यंतर नाही. आपल्याकडे तासन्‌तास सुपारी चघळणारा माणूस भाकरीच्या घासाला अर्धे मिनिट देत नाही, हे एक आश्चर्यच आहे. ज्यांचे दात गेले आहेत त्यांनी आधी कवळी बसवून घ्यावी, मग पथ्याच्या गोष्टी कराव्यात.

परंतु माझ्या पाहण्यात असे आले आहे, की घास अडकण्याचे खरे ठिकाण घरचे स्वयंपाकघर नसून लग्नाचा मांडव आहे. मिरचीच्या अडतीवर हिशेब लिहिणारे एक गृहस्थ माझ्याकडे येत असत. घरी ते बिनतक्रार जेवीत. ताटाऐवजी बशी घेत, पत्नी अर्धी भाकरी कुसकरून वाढी. भाचीच्या लग्नात वधूकडील मंडळी पंक्तीत फिरू लागली. ‘काय लाजायलाव मामा, घ्या की एक पोळी!’ असे म्हणत कोणी पानात पोळी टाकली, कोणी त्यावर तूप सोडले. समोर व्याही बसलेले, त्यांच्याशी बोलण्याच्या नादात हे दोन घास तसेच गिळून गेले. तिसरा घास हातात असतानाच त्यांचा चेहरा उतरला. उपरण्याचे टोक तोंडाशी धरून ते मांडवामागे गेले, आणि चार माणसे पाण्याचे पेले घेऊन त्यांच्या मागे धावली. त्यांनी पाणी नाकारले, तेव्हा एका आत्याबाईंना तो अपमान वाटला. आग्रह हे आमच्या आतिथ्याचे भूषण आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु पानात उरलेल्या अन्नाकडे यजमानाच्या प्रतिष्ठेची फिर्याद म्हणून पाहण्याची सवय आम्ही सोडली पाहिजे. अशा पाहुण्याला वाटीभर कढी आणि चमचा द्यावा, पंगत उठेपर्यंत बसू द्यावे आणि त्याच्या पानाकडे पाहू नये.

आता भयसूचक चिन्हे. ज्याला बोलता येत नाही, खोकता येत नाही, श्वास घेता येत नाही, त्याचा घास श्वासनलिकेत गेला आहे. तेथे पाठीवरचे जोरदार तडाखे आणि पोटावर आत आणि वरच्या दिशेने दिलेला दाब हाच तातडीचा उपाय, मग पट्टा असो वा नसो. पट्ट्याशी अडकलेल्या घासात माणूस बोलतो आणि श्वासही घेतो. दुसरे असे, की छातीत दाटले म्हणून प्रत्येक वेळी दोष घासाकडेच नसतो. घाम सुटला, धाप लागली, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर ते हृदयाचे दुखणे मानून तत्काळ इस्पितळ गाठावे. तिसरे, काही तास उलटूनही स्वतःची लाळ वा घोटभर पाणी खाली उतरत नसेल, पोटात तीव्र शूळ उठला असेल, ताप असेल किंवा उलटीत रक्त दिसले असेल, तर सकाळपर्यंत वाट पाहू नये. पट्टा जागेवरून सरकला असण्याचा संभव असतो, आणि त्यात जठराचा रक्तपुरवठा तुटून जिवावर बेतू शकते. रात्री निजल्यावर वारंवार खोकला येणे, ही अशीच दुर्लक्षित राहणारी खूण आहे. दिवसच्या दिवस उलट्या चालू राहिल्या तर शरीरातील ब-१ जीवनसत्त्व संपुष्टात येते. मग पावले अडखळतात, दृष्टी दुहेरी होते, स्मृती ढळते, आणि ही हानी पुढे पूर्णपणे भरून येईलच असे नाही.

घास वारंवार अडकत असेल तर पट्टा फाजील आवळला असण्याचा संभव असतो. पुष्कळांना तो सैल करवून घेणे म्हणजे माघार वाटते. इतका खर्च केला, आता वजन पुन्हा वाढेल, या धास्तीने ते महिनोन्‌महिने ओकत राहतात आणि घन अन्न सोडून आइस्क्रीम नि सरबतावर दिवस काढतात. त्यायोगे वजनही उतरत नाही. डबीतून अर्धा-एक मिलिलिटर क्षारजल काढले तरी केवढा फरक पडतो! मात्र ते काम साध्या सुईने करू नये. सिलिकॉनला कायमचे भोक न पाडणारी खास सुई त्यासाठी लागते, आणि ती तालुक्याच्या गावी असेलच असे नाही. म्हणून पट्टा कोणत्या बनावटीचा, केव्हा बसविला, त्यात शेवटी किती क्षारजल भरले, आणि ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक, एवढा मजकूर एका चिठ्ठीवर लिहवून घेऊन ती पाकिटात बाळगावी आणि तिची एक नक्कल घरातल्या माणसाजवळ ठेवावी. कारण तोंड लाळेने भरून आलेल्या माणसाला ही माहिती अपरात्री नांदेडच्या डॉक्टरांना स्वतः सांगता येणार नाही.