पाठीवरची जखम आणि दवाखान्याचा कागद

आज आपण पाठीच्या वरच्या भागावर, म्हणजे मानेखाली आणि दोन्ही खांद्यांच्या मागे होणाऱ्या जखमांविषयी बोलणार आहोत. भारा आणताना कुंपणाची तार ओढली जाते, बैलाचे शिंग लागते, बांधावरून पाय घसरून दगडावर आपटतो. हात कापला तर आपल्याला लगेच दिसतो. पाठ मात्र दिसत नाही, आणि दाखवायची तर पोलके काढावे लागते. म्हणून आम्ही बायका अंगावर काढतो.

तेव्हा पहिली गोष्ट, पाठ दुसऱ्या बाईला दाखवा. जाऊ असो, शेजारीण असो की गटातली मैत्रीण. तिने उजेडात नीट पाहावे. कातडी फाटली आहे की भोक पडले आहे? आत काच, काटा, तार राहिली आहे का? भोक वरून लहान दिसले तरी आत खोल असू शकते. बरगड्यांच्या आत फुफ्फुस असते. दम लागत असेल, जखमेतून हवेचे बुडबुडे येत असतील, खोकल्यातून रक्त पडत असेल किंवा रक्त थांबत नसेल, तर १०८ ला फोन करा. पायांना मुंग्या येत असतील किंवा पाय हलत नसतील, तर तिला उठवू नका, हलवू नका.

साधी जखम असेल तर आधी आपले हात साबणाने धुवा. मग जखमेवर स्वच्छ पाणी भरपूर ओता आणि धुतलेले कापड दाबून धरा. हळद, तंबाखू, राख, रॉकेल काहीही भरू नका. आत रुतलेली वस्तू उपटू नका, तिनेच रक्त अडवलेले असू शकते. बुडबुडे येणारी जखम प्लास्टिक लावून हवाबंद करू नका. कुत्रे चावले असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि लस घ्यायला त्याच दिवशी जा.

दवाखान्यात डॉक्टर जखमेची खोली बघतात, गरज वाटली तर एक्स-रे काढतात. धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन कधी घेतले ते सांगा. मातीची जखम असेल आणि त्याला ५ वर्षांहून जास्त झाली असतील, तर पुन्हा घ्यावे लागते. साखरेचा आजार असेल तर तोही सांगा. घाण किंवा चावल्याची जखम कधी कधी मुद्दाम शिवत नाहीत, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. नंतर लाली पसरली, पू आला, ताप चढला तर परत जा.

आता कागदाची गोष्ट. मोठ्या दवाखान्यात प्रत्येक आजाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतला एक क्रमांक देतात, त्याला कोड म्हणतात. छातीच्या मागच्या बाजूच्या उघड्या जखमेचा कोड एस २१.२. कागदावर नुसते ‘जखम’ लिहिले तर कोड पडतो टी १४.१, म्हणजे शरीरावर कुठे ते न सांगितलेली उघडी जखम. विम्याच्या कामात असा कागद कच्चा पडू शकतो. जखम कुठे आहे, किती खोल आहे आणि कशाने झाली, हे तिन्ही लिहून घ्या.

‘कशाने झाली’ याचाही कोड असतो. बैलाने मारले तर डब्ल्यू ५५. कोणी धारदार वस्तूने मारले तर एक्स ९९. मैत्रिणींनो, इथेच आपली जीभ अडखळते. घरात मार खाल्लेली बाई दवाखान्यात सांगते, ‘पडले.’ मग कागदही तेच बोलतो, आणि पुढे कधी न्याय मागायचा झाला तर तोच कागद आडवा येतो. पाठीवरचा घाव स्वतःहून दिसत नाही, म्हणून तो लपवणेही सोपे जाते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार अशा बाईने मागणी केली तर दवाखान्याने उपचार द्यायलाच हवेत. मदतीसाठी १८१ हा क्रमांक आहे. सांगायचे की नाही हे तिनेच ठरवायचे, आपण जबरदस्ती करायची नाही. पण ती बोलणार असेल, तर तिच्या शेजारी बसायला आपण असलो पाहिजे.

पुढच्या बैठकीत एवढे करा. १०८ आणि १८१ हे दोन्ही क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात सोबत जाणाऱ्या दोघींची नावे ठरवून ठेवा.