हजेरीपुस्तक एकाच कपाटात नको
(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



समितीने मला हा विषय दिला तेव्हा काहीजण हसले. रिंगफ्रेमवर तुटलेले धागे जोडणारा माणूस कॉम्प्युटरवर काय बोलणार? हसले ते काही चुकले नाही. मला अजून इंग्रजी वाचायला डिक्शनरी जवळ लागते. पण विहाराचे जुने फोटो आणि आपल्या म्हाताऱ्या माणसांची रेकॉर्ड केलेली बोलणी कुठे ठेवायची, हा प्रश्न समितीपुढे आला. आपली तरुण पोरे म्हणाली, कंपनीच्या ड्राईव्हवर नको, ब्लॉकचेनवर ठेवू. तेव्हा म्हटले, हे आहे तरी काय ते बघावे. वाचले, अडले तिथे भाच्याला विचारले, आणि जे समजले ते सांगतो.

आधी एक जुनी गोष्ट. मी १९८९ साली बदली कामगार म्हणून गिरणीत लागलो. पुढे गिरणी बंद पडली आणि हिशेबाची वेळ आली. कोणी किती वर्षे भरली याचा पुरावा म्हणजे हजेरीपुस्तक. ते होते टाइम ऑफिसातल्या एका लोखंडी कपाटात. पावसाचे पाणी शिरून आमच्या खात्याच्या पुस्तकांचा लगदा झालेला. साहेब म्हणाले, रेकॉर्ड नाही तर नोकरी नाही. घाम आमचा, पण लिहिलेले त्यांच्या कपाटात! मग आम्ही चाळीचाळीतून फिरलो. कुणाच्या पत्र्याच्या पेटीत पगाराच्या चिठ्ठ्या निघाल्या, कुणाकडे युनियनच्या वर्गणीच्या पावत्या, एका माउलीने तर तांदळाच्या डब्यात नवऱ्याचा तिकीट नंबरचा बिल्ला जपून ठेवला होता. ज्यांचे कागद निघाले त्यांचा हिशेब झाला. तिघांकडे काहीच निघाले नाही. त्यांची वर्षे गेली ती गेलीच. त्यातला एक माझ्याच मशीनवर होता.

आता क्लाऊड. नाव आकाशातले आहे, पण असतो तो जमिनीवरच. कंपनीच्या मोठमोठ्या इमारतीत रांगेने ठेवलेले कॉम्प्युटर, त्यात आपले फोटो. गुगल एका खात्याला १५ जीबी जागा फुकट देते, आणि दोन वर्षे खात्याकडे कोणी फिरकले नाही तर ते आतल्या मजकुरासकट काढून टाकण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवते. अशी खाती काढण्याचे काम डिसेंबर २०२३ पासून सुरू झाले. बरे, मोठ्या कंपन्या एकाच ठिकाणी माल ठेवत नाहीत, दोन-चार ठिकाणी प्रती ठेवतात, हे मान्य केले पाहिजे. म्हणजे कपाटे अनेक, पण किल्लीवाला एकच.

आणि जिथे कपाटही एकच असते तिथे काय होते? दक्षिण कोरियात डेजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरला २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली. सरकारी नोकरांनी कामाचे कागद ज्या जी-ड्राईव्हवर ठेवले होते तो जळाला. ८५८ टेराबाईट मजकूर, आणि बाहेर दुसरी प्रत नाही. एवढा पुढारलेला देश, पण गत आमच्या टाइम ऑफिसचीच!

पोरे म्हणतात ती पद्धत वेगळी आहे. तिच्यात एक गैरसमज पहिल्यांदा काढा. फोटो काही ब्लॉकचेनमध्ये बसत नाही. ब्लॉकचेन ही नोंदवही आहे. कोणी काय सांभाळायचे घेतले, किती मुदतीसाठी, ते तिच्यात लिहितात. ती वही हजारो कॉम्प्युटरवर एकसारखी असते, म्हणून एकट्याने पान फाडून चालत नाही. फाईल मात्र कुलूप लावून, काही ठिकाणी तुकडे करून, वेगवेगळ्या लोकांच्या मशीनवर जाते. स्टोर्ज नावाच्या जाळ्याने मांडलेला हिशेब बघा: एका भागाचे ८० तुकडे करायचे आणि त्यातले कुठलेही २९ सापडले की मूळ परत जुळते. ५१ मशीन बंद पडल्या तरी तुमचा फोटो शाबूत.

दुसरी गोष्ट ठशाची. फाईलमधून गणिताने एक लांब आकडा काढतात. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखा. एक अक्षर बदलले की ठसा बदलतो. आयपीएफएस नावाची पद्धत २०१५ साली आली, तिच्यात या ठशावरूनच फाईल शोधतात. कुठल्या मालकाच्या दारात आहे ते विचारत नाहीत. तुर्कस्तानात एप्रिल २०१७ मध्ये सरकारने विकिपीडिया बंद केला, तेव्हा लोकांनी त्याच्या तुर्की भागाची प्रत अशाच जाळ्यात ठेवली. बंदी जानेवारी २०२० पर्यंत चालली. आणि अमेरिकेत ज्यूंच्या नरसंहारातून वाचलेल्या माणसांच्या साक्षी शोआ फाउंडेशनने जमवल्या आहेत, त्यातल्या काही स्टार्लिंग लॅबने फाईलकॉइनच्या जाळ्यात ठेवल्या. हे वाचले तेव्हा मला आपल्या म्हाताऱ्यांची बोलणी आठवली. उद्या कोणी म्हणाले, असे घडलेच नाही, तर काय दाखवणार?

आता अडचणी. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण पोरे यावर कमी बोलतात.

एकदा ठेवले की कायमचे, असे समजू नका. आयपीएफएसवरची फाईल कोणीतरी मुद्दाम सांभाळली तरच टिकते. फाईलकॉइनमध्ये सांभाळणाऱ्याला रोज पुरावा द्यावा लागतो की माल माझ्याकडे आहे, नाहीतर त्याची अनामत कापतात. सोय चांगली आहे. पण करार मुदतीचा असतो. मुदत संपली आणि समितीने पुढचे पैसे भरले नाहीत, की संपले. आरवीव्हसारखी जाळी एकदाच पैसे घेऊन कायमचे ठेवू म्हणतात. ती २०१८ सालची. कायमचे म्हणजे किती, ते आपल्या नातवंडांना कळेल.

किल्ली हरवली तर कुठल्या साहेबाकडे अर्ज करता येत नाही. वेल्समधल्या न्यूपोर्ट गावच्या एका माणसाची २०१३ साली किल्ली असलेली डिस्क कचऱ्यात गेली, आणि तिच्यावरची हजारो बिटकॉइन अजून त्याच्या हाती नाहीत. आपल्या विहाराच्या सध्याच्या खात्याचा पासवर्ड तरी किती जणांना ठाऊक आहे? हात वर करा. बघा, एक.

आणि उघड्या जाळ्यात टाकलेले परत घेता येईलच असे नाही. कुलूप न लावता रेशनकार्ड, जातीचा दाखला, लेकीबाळींचे फोटो तिथे कृपा करून टाकू नका.

राहिले नाणे. या जाळ्यांचे स्वतःचे नाणे असते आणि तिथेच दलाल घुसतात. फाईलकॉइनचे नाणे एप्रिल २०२१ मध्ये २०० डॉलरच्या वर होते, २०२२ संपताना तीनच्या आसपास. आपल्याकडे अशा नाण्यांच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे. साठवणीसाठी पैसे भरणे वेगळे आणि दुप्पट होईल म्हणून नाणी घेऊन ठेवणे वेगळे. आपल्या वस्तीत भिशी बुडवून पळालेली माणसे मी पाहिली आहेत, तेव्हा वर्गणीतला एक रुपयाही नाण्यात घालायला माझी संमती नाही. राग आला तर येऊ द्या.

माझी सूचना अशी. मूळ फोटो विहारातच राहावेत. एक प्रत हार्ड डिस्कवर, ती दुसऱ्या वस्तीतल्या विहारात ठेवू. एक नेहमीच्या ड्राईव्हवर, पण खाते समितीच्या नावाने. आणि तिसरी, कुलूप लावून, पोरे म्हणतात त्या जाळ्यात. वर्षभर करून बघू, खर्च वार्षिक सभेत मांडू. प्रत्येक फाईलचा ठसा कागदावर छापून या स्मरणिकेच्या फाईलला लावू, म्हणजे मधे कोणी फेरफार केला तर ताडता येईल. किल्ली तिघांकडे बंद पाकिटात, आणि त्या तिघांत एक बाई असावी. तांदळाच्या डब्याची गोष्ट मी विसरलो नाही.

पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर स्कॅनर घेऊन दोन मुले इथे बसतील. आपापल्या घरचे फोटो आणा. मागे पेन्सिलने नावे आणि साल लिहा, पेनने लिहू नका, शाई पुढे उमटते. ज्यांना चालवत नाही त्यांच्या घरी आम्ही येऊ.

जयभीम.