उंबरठ्यावरची अंमलबजावणी



ज्यांनी लोकांच्या आरोग्यासाठी उन्हापावसात आयुष्यभर पायपीट केली, त्यांच्या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. या स्थानावरून मला एकच गोष्ट सांगावयाची आहे, ती अशी की, धोरणाचा मसुदा सचिवालयात सिद्ध होतो आणि त्याचा हुकूम दप्तरातून सुटतो, परंतु त्याची अंमलबजावणी घराच्या उंबरठ्यावर होते. आणि तेथील दार आतूनच उघडावे लागते.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि पुढील फेब्रुवारीत साथरोग कायदा अंमलात आला. रुग्णास वेगळे ठेवणे, घराची शुद्धी करणे, प्रवाशांची तपासणी करणे, हे त्यातील उपाय वैद्यकदृष्ट्या अगदीच निराधार नव्हते. परंतु पुण्यात रँडसाहेबांच्या प्लेग समितीने घरझडतीसाठी गोरे शिपाई धाडले, देवघरापर्यंत परके पाऊल गेल्याच्या तक्रारी उठल्या आणि भयभीत रयत आपली आजारी माणसेच दडवू लागली. 22 जून रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड यांच्यावर गोळी झाडली गेली, हे आपण सर्व जाणताच. परंतु त्याच वर्षी, त्याच पुण्याच्या परिसरात, सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन आपल्या डॉक्टर पुत्राच्या, यशवंताच्या, दवाखान्याकडे चालत गेल्या आणि त्या सेवेतच रोग जडून 10 मार्च रोजी निवर्तल्या. रुग्णास घरातून उचलून उपचारास नेणे, ही कृती दोन्हीकडे एकच होती. एकीकडे तिला जप्तीचे रूप आले, दुसरीकडे मातृत्वाचे.

पोलिओच्या मोहिमेत मी स्वतः हाच धडा पुन्हा शिकलो. ज्या घरातील सर्व बालकांना डोस मिळाला त्या घराच्या भिंतीवर खडूने ‘पी’ आणि जेथे एखादे मूल राहिले तेथे ‘एक्स’ अशी खूण करण्याची रीत होती. एका वस्तीवर ‘एक्स’ असलेल्या दाराशी एका आरोग्यसेविकेबरोबर मी तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा घरातील आजी कडाडल्या, “पोर तापानं फणफणलं तेव्हा कुणी फिरकलं नाही, आणि या दोन थेंबांसाठी तीन-तीनदा येता!” मजजवळ उत्तर नव्हते. सेविकेने खांद्यावरची लसपेटी पायरीवर ठेवली, “आजी, आधी बाळाला बघू तरी द्या,” म्हणत खाली बसली, अंग चाचपले, ताप मोजला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेली. चौथ्या खेपेस आजींनीच नातवाची डावी करंगळी शाईसाठी पुढे केली. संध्याकाळच्या अहवालात ‘नकार’ या रकान्यातील आकडा एकाने घटला. सेविका पायरीवर बसल्याची नोंद करावयास मात्र कोठेही रकाना नव्हता. 13 जानेवारी 2011 नंतर या देशात नैसर्गिक पोलिओचा एकही रुग्ण आढळला नाही, त्या यशाचा पाया अशा असंख्य पायऱ्यांवर रचलेला आहे.

म्हणूनच ज्या धोरणांचा उगम गावातच झाला, ती रुजली. जामखेडला 1970 मध्ये काम सुरू करून डॉ. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी गावातील निरक्षर स्त्रियांच्या हाती आरोग्य सोपविले, गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावच्याच स्त्रियांना नवजात अर्भकांची घरी शुश्रूषा करण्यास शिकविले, आणि बालमृत्यू घटल्याचे सिद्ध झाल्यावर ती पद्धती देशाच्या कार्यक्रमात दाखल झाली.

माझी शासनास कळकळीची विनंती आहे की, उपकेंद्रांतील रिक्त पदे भरावीत, आशाताईंचा मोबदला थकवू नये, आणि पुढील मसुद्यावर सही होण्यापूर्वी तो त्यांना वाचून दाखवावा. कारण कोणत्या घराची कडी कशाने निघते, हे त्यांनाच ठाऊक आहे. तिसऱ्यांदा परत फिरल्यावरही चौथ्यांदा त्याच दाराशी जाणाऱ्या आपणा सर्वांस वंदन करून मी आपली रजा घेतो.