मिलिंद म्हणजे प्रश्न विचारणारा

मी मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत माल चढवतो-उतरवतो, कविता लिहितो. बीडात येऊन सायन्सवर बोलतोय, कारण कॉलेजात तुम्ही जाणार आहात.

बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत कॉलेज काढलं. आवार नागसेनवन, पण कॉलेजचं नाव मिलिंद. म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, नागसेन भिक्खूला प्रश्नांनी घेरणारा. नाव विचारणाऱ्याचं दिलं! आपल्या बापजाद्यांनी शंका काढली की पाठीत काठी बसायची.

आता तुमच्या जिल्ह्याचं बघा. २०१९ च्या सरकारी पाहणीत बीडच्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. 'कॅन्सर होईल' म्हणून कैकींना भेडसावलं. कर्ज काढून आयाबहिणी टेबलावर झोपल्या. पिशवीबरोबर बीजकोशही गेले तर हाडं लवकर ठिसूळ होतात, हे कुणी सांगितलं? घरात बी.एस्सी. झालेली एखादी पोरगी असती तर तिनं डॉक्टरला धरलं असतं: गाठ कुठाय? तपासणीचा कागद दाखवा.

'बी.एस्सी. करून नोकरी कुठाय?' म्हणतात. खरंय, माझ्या खिशात नोकऱ्या नाहीत. पण आपण पोटापुरतं शिकायचं अन् तारे, पेशी, अणू वरच्यांनी घ्यायचे, ही वाटणी केली कुणी? कप्प्या वाढवल्या की ओझ्याला जोर कमी का लागतो, हे मला शाळेनं नाही, पाठीनं शिकवलं. का ते अजून पुरतं कळायचंय.

सायन्सचा फॉर्म भरताना कुणी म्हणालं, 'तुम्हाला झेपायचं नाही', तर तिथंच विचारा: कशावरून?