पान लोंबलं म्हणजे तहानच लागली असं नाही

(या भागात मी जे बोलले, त्याचा हा मजकूर. मधले "अं" आणि "म्हणजे ना" तेवढे काढले आहेत.)

आज कोडबद्दल बोलायचं नाहीये. थोडं येईलच, सवय जात नाही. पण आजचा विषय आहे एक जेड प्लांट, जो मी जवळजवळ मारला होता. आणि तो माझा नव्हता.

समोरच्या फ्लॅटमधल्या काकू जूनमध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला गेल्या. जाताना त्यांचा जेड माझ्याकडे ठेवून गेल्या. पंधरा वर्षांचं झाड, मनगटाएवढं खोड, दोन मोठ्या फांद्या. काकांनी लावलेलं. काका आता नाहीत. काकू एवढंच म्हणाल्या, "त्याला विचारून पाणी घाल गं."

मी हसले, हो म्हटलं आणि फोनवर रिमाइंडर लावला. बुधवार, रविवार, एक ग्लास. शिवाय कुंडी छान दिसावी म्हणून ती एका पांढऱ्या सिरॅमिकच्या भांड्यात ठेवली. त्या भांड्याला खाली भोक नव्हतं. हे लक्षात ठेवा.

जुलैच्या शेवटी पानं लोंबायला लागली. सुरकुतलेली, मऊ. मला वाटलं, तहान लागली असेल. मी पाणी वाढवलं. पानं आणखी लोंबली. मी अजून वाढवलं. मग खत घातलं, मग जागा बदलून गॅलरीत ठेवलं. एका आठवड्यात चार बदल! ऑफिसमध्ये कोणी प्रॉडक्शनवर असं केलं असतं तर मीच ओरडले असते, की आधी लॉग बघ ना!

त्याच आठवड्यात काकूंनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागितला. मी जूनमधला जुना फोटो पाठवला. खोटं सांगत नाही, पाठवला. त्यांनी हार्टवाला इमोजी टाकला. त्या रात्री मला झोप लागली नाही. मग उठून शेवटी लॉग बघायला बसले.

तर जेड, कोरफड, इचेवेरिया, जाड पानाचं कुठलंही झाड लोंबलं तर काय बघायचं, ते क्रमाने सांगते. बघून होईपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही.

पहिलं, माती. वरून नाही, आतून. बांबूची काडी किंवा अगरबत्ती संपल्यावर उरलेली काडी तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढा. कोरडी आली की माती कोरडी. काळपट, ओली, माती चिकटलेली आली की आत पाणी आहे. कुंडी उचलूनही बघा, ओली कुंडी चांगलीच जड लागते.

दुसरं, पान. तहानलेलं पान पातळ होतं, सुरकुततं, हवा गेलेल्या फुग्यासारखं वाकतं, पण रंग बऱ्यापैकी टिकतो. पाणी जास्त झालेलं पान पिवळट, पारदर्शक होतं, दाबलं तर पचपचीत लागतं आणि नुसता धक्का लागला तरी गळतं.

आता खरी गोम. माझी पानं सुरकुतलेली होती, म्हणजे तहानलेली. आणि काडी मात्र ओली चिंब. दोन्ही एकदम कसं? कारण मुळं सडली होती. मातीतल्या बारीक पोकळ्यांत हवा असते, मुळांना ती लागते. पाणी साचून राहिलं की मुळं गुदमरतात आणि कुजतात. मग भोवती कितीही पाणी असलं तरी ते वर चढवणार कोण? टाकी भरलेली, पंप जळालेला. सुरकुतलेलं पान आणि ओली माती ही जोडी दिसली, की आणखी पाणी घालणं म्हणजे आगीत तेल.

तिसरं, खोड. मातीलगत दाबून बघा. टणक असेल तर वेळ आहे. मऊ, काळं असेल तर आज रात्रीच काम करायचंय.

चौथं, पटकन: पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा. आणि फांद्या लांबुळक्या होऊन उजेडाकडे झुकल्या असतील, तर उजेड कमी पडतोय.

माती खरंच कोरडी असेल तर उपाय सोपा. कोकोपीट एकदा वाळलं की पाणी धरत नाही, कडेने वाहून जातं. म्हणून कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवा, मग पूर्ण निथळू द्या. काही दिवसांत पानं भरतात.

माझी केस दुसरी होती. सिरॅमिकच्या भांड्यात तळाला चार बोटं पाणी, वास येणारं. झाड बाहेर काढलं. चांगली मुळं पांढरट आणि घट्ट असतात. माझी तपकिरी, ओढली की साल हातात. एका फांदीखालचं खोड पूर्ण मऊ झालेलं.

पुढच्या सकाळी काकूंना फोन केला. सगळं सांगितलं, फोटोचंही. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "दुसरी फांदी टणक आहे ना? मग काप."

ब्लेड स्पिरिटने पुसून खालून वर कापत गेले. काप आतून तपकिरी दिसला की आणखी वर. तीनदा कापल्यावर स्वच्छ, फिकट हिरवा काप मिळाला. मोठी फांदी आणि दोन छोटे तुकडे वाचले. ते आठवडाभर कोरड्या सावलीत नुसते ठेवले, म्हणजे कापावर खपली धरते. ओला काप थेट मातीत गेला की परत सडतो.

मग मातीची छोटी कुंडी. मोठी नको, तिच्यातली माती ओलीच राहते. अर्धी नेहमीची माती, अर्धं पर्लाइट, जाड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे. तळाला खड्यांचा थर मी दिला नाही. पाणी बारीक मातीतून खड्यांत सहज उतरत नाही, वरच अडकतं. भोकावर एक खापरी पुरते. खत नाही, कडक ऊन नाही, आठवडाभर पाणी नाही. साधारण महिन्याने फांदी हलकेच ओढली तर ती हलली नाही. मुळं धरली होती.

यातून कळलं ते असं. जेड मूळचा दक्षिण आफ्रिकेतला. दिवसा पानांची रंध्रं मिटून ठेवतो, हवा रात्री आत घेतो, म्हणून पाणी फार कमी खर्च होतं. त्यात पुण्याचा पावसाळा, हवेत ओल, माती वाळतच नाही. मे महिन्यात चाललेला रिमाइंडर जुलैत विष ठरतो. "विचारून पाणी घाल" म्हणजे काडी घाल, पान दाब, कुंडी उचल. काकूंनी सगळं सांगितलंच होतं, मी ऐकलं नव्हतं.

काकू ऑक्टोबरमध्ये आल्या. पंधरा वर्षांच्या झाडाच्या जागी एक फांदी बघून त्यांनी खोडावरून बोट फिरवलं. रागावल्या नाहीत, पण बराच वेळ काही बोलल्याही नाहीत. जाताना एक छोटा तुकडा माझ्याकडेच ठेवला. "हा तुझा. आता विचारशील."

रिमाइंडर मी अजून ठेवलाय, दर रविवारी. फक्त त्यातला मजकूर बदललाय. पूर्वी होतं "पाणी घाल". आता आहे "काडी घाल".

तुमच्या खिडकीत काही लोंबत असेल तर आज एक काडी खुपसून बघा. भेटू पुढच्या भागात!